जेवणासोबत बाज

वारीत अंतर मुक्कामांनी मोजतात. बारामती सोडलेल्या वारकऱ्याला इंदापूर किती लांब आहे असं विचारलं, तर तो किलोमीटरचा आकडा सांगत नाही. सणसर, आंथुर्णे, निमगाव केतकी आणि मग इंदापूर, अशी गावं बोटांवर मोजतो. रस्ता त्याच्या मनात पाठ टेकायच्या जागांच्या क्रमाने ठसलेला असतो. याच भागातून रात्री मालट्रक नेणारी माणसंही असंच बोलतात. ‘पाटसला चहा, इंदापूरला जेवण, टेंभुर्णीच्या पुढं झोप’ हे माझ्या थोरल्या मामांच्या तोंडचं वाक्य म्हणजे त्यांचा सोलापूरपर्यंतचा सगळा नकाशा होता. मधल्या गावांची नावं त्यांना येत नव्हती असं नाही. पण शरीर जिथं थांबत नाही त्या गावाचा नकाशाला काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं.

पायी चालणाऱ्याला आणि चाकावर चालणाऱ्याला एक गोष्ट सारखीच ठाऊक असते: चालणं हे थांबण्याच्या जोरावर होतं. वारकऱ्याच्या थांबण्याला आपण पुण्याईचा मान दिला. त्याच्यासाठी गावं सारवून ठेवली, पिठलं-भाकरीची पातेली चढवली. ट्रकवाल्याचं थांबणं मात्र आपण हिशेबातच धरलं नाही. ते ज्यांनी धरलं, त्या रस्त्याकडेच्या ढाब्यांविषयी मला लिहायचं आहे.

निमगाव केतकी हे आमचं गाव पानमळ्यांचं. नीरा डाव्या कालव्याच्या टोकाकडचा हा मुलूख. पाऊस बेताचा. शेवरी-पांगाऱ्याच्या आधारानं नागवेल चढवायची, तिला लेकरासारखं जपायचं आणि पान पिकवायचं, ही इथली जुनी विद्या. पुढं डाळिंब आलं, द्राक्ष आलं. आसपास ऊस होताच. भवानीनगरचा छत्रपती कारखाना, बिजवडीचा कर्मयोगी, पलीकडं माळेगाव. या सगळ्या पिकांत एक गोष्ट समान होती. इथं जे पिकतं त्यातलं फार थोडं इथं खपतं. पान, फळ, साखरेची पोती, मळीचे टँकर, सगळं इथून बाहेर पडायचं असतं. म्हणून शेतकऱ्याच्या घराइतकंच ड्रायव्हरचं घरही या तालुक्यात जागोजाग सापडतं.

पान तर फारच नाजूक. खुडलेली पानं रचून, बांधून, ओल्या गोणपाटाखाली ठेवायची आणि दिवस मावळला की गाडी काढायची. उन्हानं पान मलूल झालं की बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. मामा म्हणायचे, ‘‘पानाला ऊन सोसत नाही, म्हणून डायवरनं रात्र सोसायची.’’ वाटेत चहाला थांबलं की क्लीनर आधी गोणपाटावर पाणी शिंपडायचा आणि मग स्वतःचं तोंड धुवायचा. मालाची ही काळजी रास्तच होती. त्यावर कुणाच्या तरी घरची चूल अवलंबून होती. पण मालाला ओल आणि सावली मिळते, मग तो माल नेणाऱ्याला काय मिळतं, हा प्रश्न मला तेव्हापासून पडत आला आहे.

आमच्याच तालुक्यातल्या वालचंदनगरमुळे हा प्रश्न अजून जवळचा वाटतो. ते गाव ज्यांनी वसवलं त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फारगो या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि लांब नाकाचे, चांदणीच्या चिन्हाचे टाटा-मर्सिडीझ ट्रक रस्त्यावर आले. जुने ड्रायव्हर आजही या गाड्यांची नावं घरच्या बैलांची नावं घ्यावीत तशा मायेनं घेतात. त्या काळी कारखान्यातून बहुधा नुसती चासी यायची, लाकडी केबिन आणि हौदा नंतर बांधून घ्यायचा. त्या केबिनमध्ये स्टिअरिंगला जागा होती, देवाच्या तसबिरीला होती, उदबत्तीच्या घराला होती. सहा फुटी माणसाला पाय लांब करायला मात्र जागा नव्हती. इंजिनाची धग मांडीपर्यंत यायची. गाडी माणूस जागा राहील या बेतानं बांधलेली होती. माणूस झोपेल कुठं, हे कुणीतरी दुसऱ्यानं बघायचं होतं.

ते ढाबेवाल्यानं बघितलं.

सुट्टीत मामा मला कधीमधी गाडीवर न्यायचे. इंदापूरच्या पुढं सोलापूर रस्त्यावर त्यांचा एक नेहमीचा ढाबा होता. लांबूनच रंगीत नळ्यांचा उजेड दिसायचा आणि त्याच्याही आधी तंदूरच्या धुराचा वास यायचा. पुढं ट्रक लावायला मुरूम टाकलेलं भलंमोठं मैदान. त्याच्या कडेला पाण्याचा हौद, हौदाच्या भिंतीवर एक तडा गेलेला आरसा, दोरीला बांधलेला कंगवा आणि साबणाची वडी. आणि मग कडुलिंबाखाली ओळीनं मांडलेल्या बाजा. काथ्यानं विणलेल्या, मध्ये झोळ पडलेल्या, शेकडो पाठींनी गुळगुळीत झालेल्या. जेवताना बाजेवर आडवी फळी टाकायची, फळीवर ताटं मांडायची, दोन्ही बाजूंना मांडी घालून बसायचं. जेवण झालं की पोऱ्या फळी उचलून न्यायचा आणि तीच बाज अंथरूण व्हायची.

या बाजेचं भाडं नव्हतं. माझ्या मते आपल्या रस्त्यांवरचा हा सगळ्यात माणुसकीचा व्यवहार. जेवण घ्या, बाज तुमची. दाल-रोटी घेणाऱ्याला आणि मटणाचं ताट घेणाऱ्याला बाज एकच. कुणी फक्त चहा घेतला आणि म्हणाला, ‘शेठ, डोळं मिटायला लागल्यात,’ तर त्यालाही मालक हातानंच एखादी रिकामी बाज दाखवायचा. लॉज शहरात होते, पण ट्रकवाल्याला ते परवडत नव्हते आणि जमतही नव्हते. लॉजच्या दाराशी दहा टायरची गाडी कुठं लावणार? आणि गाडी नजरेआड करून चार भिंतींत झोप कशी लागणार? ढाब्याची बाज उघड्यावर होती हीच तिची सोय होती. कूस बदलली की गाडी दिसायची.

झोपेलाही तिथं रीत होती. ड्रायव्हर बाजेवर, क्लीनर टपावर किंवा मालावरच्या ताडपत्रीवर. कुणी दोन चाकांच्या मध्ये, गाडीच्या पोटाखाली चादरीची झोळी बांधून पडायचा. रात्री डिझेल काढणारे, ताडपत्री फाडून माल ओढणारे असायचे, म्हणून क्लीनरची झोप कायम एका कानानं जागी. गाडी लावतानाच मामा मालकाला सांगायचे, ‘‘मालक, गाडीकडं ध्यान असू द्या.’’ मालक म्हणायचा, ‘‘निवांत पडा.’’ एवढ्या दोन शब्दांवर लाखाचा माल आणि घरधन्याचा जीव रात्रभर विसंबून असायचा. पावती नाही, सही नाही. विश्वासाचे मोठमोठे करार आपण कागदावर करतो. मी पाहिलेला सगळ्यात पक्का करार त्या मुरमाड मैदानावर तोंडी व्हायचा.

आणि दुसरा करार उठवण्याचा. ‘तीनला उठव,’ ‘मला साडेचारला,’ असं सांगून माणसं आडवी व्हायची. कोणत्या बाजेवरच्या माणसाला केव्हा उठवायचं हे एका पोऱ्याच्या डोक्यात असायचं. तो खांदा हलवायचा, पायाचा अंगठा धरून ओढायचा, ऐकलं नाही तर पाण्याचा हबका मारायचा, आणि माणूस उठून बसला की त्याच्या हातात खळखळून उकळलेला, दुधाचा, डबल पत्तीचा चहा द्यायचा. त्या चहात साखर इतकी की ओठ चिकटायचे. मला तेव्हा त्या पोराचा हेवा वाटायचा, कारण त्याला रात्रभर जागायला मिळत होतं. तो माझ्याच वयाचा होता हे ध्यानात यायला मला बरीच वर्षं लागली. सगळ्यांच्या झोपेची राखण करणाऱ्या त्या मुलाला स्वतःची झोप नव्हती, शाळा नव्हती. १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, हॉटेलं आणि घरकाम यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला कायद्यानं बंदी झाली. ढाब्याच्या आठवणी मी प्रेमानं जपतो. पण ती माया त्या मुलाच्या जागरणावरही उभी होती, हे सांगितल्याशिवाय त्या आठवणींना पुरेपणा येत नाही.

ढाब्यावर भूगोल बोलका व्हायचा. पंजाबकडचे ड्रायव्हर तंदूरच्या जवळची बाज धरायचे. तमिळनाडूतल्या नामक्कलची गाडी आली की मंडळी जेवायला आत येतच नसत. गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटायचा, भात चढायचा, चिंचेचं सार उकळायचं. नामक्कल हे ट्रकांचं आणि ट्रकच्या हौद्यांचं मोठं गाव. तिथली माणसं घर पाठीवर घेऊन निघाल्यासारखी तांदूळ, मिरची, तेल सोबत ठेवायची. मालकानं त्यांना कधी हटकलेलं मी पाहिलं नाही. ‘पाणी घ्या, सावली घ्या,’ म्हणायचा. आमच्याकडचे लोक ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा मागायचे. उजनीचं पाणी भरल्यापासून भिगवणची चिलापीही ताटात आली. एकमेकांची भाषा येत नसताना ही माणसं पुढच्या रस्त्याची बातमी मात्र बिनचूक सांगायची. कुठल्या घाटात गाडी आडवी झाली आहे, कुठल्या नाक्यावर रांग आहे, कुठल्या हुंडेकऱ्याकडं परतीचं भाडं मिळेल. परतीचं भाडं मिळेपर्यंत दोन-दोन दिवस तिथंच पडून राहणारे होते. त्या दिवसांचा पगार त्यांना कुणी देत नव्हतं. ढाब्याच्या वहीत उधारी मांडली जायची आणि पुढच्या खेपेला ती चुकती व्हायची.

हे सगळं ढाब्यानं का करायचं होतं? कायद्यात तर दुसरंच लिहिलेलं होतं. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं ड्रायव्हरच्या कामाचे दिवसाला आठ तास ठरवले. सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. आणि जिथं कामगारांना रात्री मुक्काम करावा लागतो तिथं मालकानं विश्रांतीची खोली द्यावी, असंही सांगितलं. खोली हवेशीर, उजेडाची, स्वच्छ असावी. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या काथ्याच्या बाजा आठवल्या आणि गहिवरून आलं. देशाला ड्रायव्हरच्या झोपेची आठवण झाली होती तर! पण हा कायदा पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. आपल्याकडची ट्रकमालकी मात्र एका गाडीची, दोन गाड्यांची. पुष्कळदा मालकच ड्रायव्हर आणि धाकटा भाऊ क्लीनर. त्यांना विश्रांतीची खोली देणार कोण? कायदा जिथं पोचू शकला नाही तिथं एक चहाचं भांडं, एक हौद आणि दहा-वीस बाजा पोचल्या.

मला त्या जगाचे गोडवेच तेवढे गायचे नाहीत. डास होते, थंडीत दव पडायचं, पावसाळ्यात बाजा ओसरीत ओढाव्या लागायच्या आणि जागा पुरायची नाही. संडास नव्हते; शेताच्या बांधामागं जायचं. कित्येक ठिकाणी दारू मिळायची, आणि घरापासून महिनोन् महिने लांब राहणाऱ्या माणसांच्या एकटेपणाचा बाजारही काही ठिकाणी भरायचा. पुढं एड्सची साथ आली तेव्हा ट्रकतळांवर आणि ढाब्यांवर आरोग्याचं काम करणाऱ्यांना जावं लागलं, ते याच कारणानं. आणि त्या बाजांवर बाईला जागाच नव्हती. मूळच्या नंदुरबारच्या, वकिलीचं शिक्षण घेतलेल्या योगिता रघुवंशी नवऱ्याच्या मृत्यूनंतर ट्रक चालवू लागल्या, देशभर माल नेऊ लागल्या. अशा बाईनं रात्री पाठ कुठं टेकायची, याचं उत्तर त्या कडुलिंबाखालच्या जगाकडं नव्हतं.

पुढं रस्ता बदलला. पुणे-सोलापूर चौपदरी झाला, इंदापूर गावाला बाहेरून वळण मिळालं, पाटस, सरडेवाडी, वरवडे इथं टोलनाके उभे राहिले. जकातीचे नाके गेले, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरच्या रांगा ओसरल्या. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. हे सगळं चांगलंच झालं; नाक्यांवर तिष्ठण्यात आयुष्य गेलेल्या मामांनी रांगा संपल्याचं ऐकून हात जोडले होते. पण वाचलेला वेळ ड्रायव्हरच्या पदरात पडला नाही. तो मालाच्या पोचण्याच्या वेळेतून कापला गेला. गाडीत नकाशा बसला, मालकाला मोबाइलवर गाडी कुठं उभी आहे ते दिसू लागलं. गाडी थांबली की फोन वाजतो: का थांबला? जुन्या रस्त्यावरचे कितीतरी ढाबे वळणाच्या आत अडकून बंद पडले, आणि नव्या रस्त्याकडेला जी हॉटेलं झाली ती मोटारीतल्या कुटुंबांसाठी झाली. तिथं झोपाळे आहेत, मुलांना खेळायला जागा आहे, फरशी चकचकीत आहे. फाटकाशी पाटी असते की अवजड वाहनं लावू नयेत. मग ड्रायव्हर रस्त्याच्या कडेलाच गाडी दाबून झोपतो. उभ्या ट्रकला मागून धडक, ही बातमी आपण वर्तमानपत्रात इतक्या वेळा वाचतो की तिच्यामागं कुणाची तरी झोप आहे हे जाणवतही नाही.

या दिशेनं काहीच होत नाही असं नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. सरकारी तेल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ नावानं ड्रायव्हरसाठी झोपायच्या खोल्या सुरू केल्या आहेत. तिथं स्वच्छ संडास आहेत, स्वतः रांधायची जागा आहे आणि अंघोळीला हौदही आहे. ही यादी ऐकून मला समाधान वाटलं. कडुलिंबाखालच्या त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या मालकांना ड्रायव्हरला काय लागतं ते नेमकं कळलं होतं: पाणी, चूल, आडवं व्हायला जागा आणि गाडीवर नजर. शहाण्यासुरत्या योजनेनंही शेवटी तेच मांडलं. फक्त अशा जागा फार थोड्या आहेत, आणि रस्ता फार लांब आहे.

आता आमच्या दारावरून पालखी मार्ग चालला आहे. पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे पंढरपूरकडे जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. या रस्त्याच्या आराखड्यातच वारकऱ्यांना चालण्यासाठी वेगळी वाट धरलेली आहे. देशातला एवढा मोठा रस्ता पायी चालणाऱ्याच्या पावलांचा विचार करून आखला जातो, याचा मला इथला माणूस म्हणून अभिमान आहे. तो विचार आकाशातून पडला नाही. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली तेव्हापासून वारी पिढ्यान् पिढ्या हेच शिकवत आली. कुठं विसावा, कुठं न्याहारी, कुठं मुक्काम, पाणी कुठं, औषध कुठं, हे आधी ठरतं. मग पावलं उचलली जातात.

आणि त्या वारीतही ट्रक आहे. दिंडी पहाटे चालायला लागली की तिचा ट्रक तंबू, पातेली, शिधा आणि म्हाताऱ्यांची गाठोडी घेऊन पुढं निघतो. दिंडी मुक्कामाला पोचते तेव्हा तंबू उभा असतो, आमटीला उकळी आलेली असते. वारकऱ्याच्या विसाव्याचं ओझं ड्रायव्हरनं वाहिलेलं असतं. निमगावात पालखी उतरते त्या रात्री हे ड्रायव्हरही आमचे पाहुणे असतात, त्यांनाही आग्रहानं ताट वाढलं जातं. तोच माणूस आठ दिवसांनी साखर भरून त्याच रस्त्यानं आला, तर आपण त्याला काय देतो?

म्हणून माझं मागणं साधं आहे. या मार्गावरच्या गावागावांत पालखी तळ आहेत. गावाजवळची मोकळी, सपाट, मोठी जागा, जिथं वर्षातून एकदा हजारो माणसं निजतात. त्यांच्या शेजारी, पालखीच्या दिवसांना बाधा येणार नाही अशा बेतानं, ड्रायव्हरसाठी कायमची विश्रांतीची जागा करावी. गाड्या लावायला उजेडाचं मैदान, राखणदार, पाणी, संडास, स्वतः रांधायला ओटा आणि बायका ट्रक चालवू लागल्या आहेत हे ध्यानात घेऊन त्यांच्यासाठी वेगळी खोली. चालवायला ग्रामपंचायत आहे, बचत गट आहेत. भाकरी आमच्याकडं चांगली होते. काम देताना वय बघावं आणि रात्रपाळीचा पगार द्यावा. यासाठी रस्त्याच्या खर्चातला फार मोठा वाटा लागणार नाही. आमच्या पानाला, डाळिंबाला, साखरेला बाजार दाखवणाऱ्या माणसाला रात्री निर्धास्त झोप मिळावी, हा त्याच्यावर उपकार नव्हे. ती त्याच्या कामाची मजुरी आहे, आणि ती आजवर परक्या ढाबेवाल्यांनी आपल्या वतीनं चुकती केली. आता ती आपण द्यायला हवी.